नैराश्याच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेताना : दुष्परिणामांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोळी सुरू झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत होणारी मळमळ, डोकेदुखी, बेचैनी यांबद्दल डॉक्टर सहसा आधीच सांगतात आणि हा त्रास बहुधा ओसरतोही. हे पान त्यानंतरच्या काळाबद्दल आहे. गोळी सहा महिने, दोन वर्षं, दहा वर्षं चालू आहे, मन सावरलंय, पण घाम, वाढलेलं वजन, शरीरसंबंधातली अडचण किंवा आतून कोरडं झाल्याची भावना मागे उरली आहे. अशा वेळी बरेच जण एक तर निमूट सोसतात, नाही तर एके दिवशी गोळ्या बंद करून टाकतात. दोन्हींमुळे नुकसान होतं, आणि दोन्ही टाळता येतात.

माझी गोळी नेमकी कोणत्या प्रकारची आहे हे कसं कळेल?

स्ट्रिपवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, मूळ औषधाचं नाव बारीक अक्षरांत. ते बारीक नाव महत्त्वाचं. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, फ्लुवोक्सामिन ही एसएसआरआय गटातली, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या निरोप नेणाऱ्या रसायनाचं काम वाढवणारी औषधं. व्हेनलाफॅक्सिन, डेसव्हेनलाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन ही एसएनआरआय, म्हणजे सेरोटोनिनसोबत नॉरॲड्रेनालिन या दुसऱ्या रसायनाचंही काम वाढवणारी. अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, इमिप्रामिन, डोथिएपिन ही जुनी, ट्रायसायक्लिक औषधं. मिर्टाझापिन आणि ब्युप्रोपिऑन यांची घडण निराळी, म्हणून त्यांचे दुष्परिणामही निराळे.

नावापुढे ‘प्लस’ किंवा तसं काही असेल तर नीट वाचा. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत देण्याची पद्धत फार आहे. क्लोनाझेपाम हे नैराश्याचं औषध नाही. ते झोप आणणारं, घबराट तात्पुरती दाबणारं औषध आहे आणि त्याची शरीराला सवय लागते. दिवसभराची गुंगी, विसरभोळेपणा, चालताना तोल जाणं यांचा दोष लोक ‘डिप्रेशनच्या गोळी’ला देतात, तेव्हा कारण पुष्कळदा हा दुसरा घटक असतो. अमिट्रिप्टिलिन आणि क्लोरडायझेपॉक्साइड यांची जोडगोळीही तशीच.

हा त्रास गोळीचा आहे, आजाराचा आहे, की तिसऱ्याच कशाचा?

तारखा लिहून काढल्या की निम्मं कोडं सुटतं. गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, त्रास कधी लक्षात आला, हे एका कागदावर एकाखाली एक मांडा. डोस वाढल्यावर वाढणारा आणि कमी केल्यावर घटणारा त्रास बहुधा औषधाचा असतो. गोळीच्या आधीपासून असलेला थकवा किंवा अनिच्छा आजाराचा उरलेला भाग असू शकते, आणि मग कदाचित उपचार वाढवावे लागतील.

थकवा, वजनवाढ, केसगळती यांचा ठपका गोळीवर ठेवण्याआधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि साखर तपासून घ्या. शाकाहारी माणसांत बी-१२ची कमतरता इतकी सर्रास आढळते की ही तपासणी टाळू नये.

शरीरसंबंधातली अडचण कोणाला सांगू? ती कायमची असते का?

हा या औषधांचा सर्वांत जास्त लपवला जाणारा दुष्परिणाम आहे. एसएसआरआय आणि एसएनआरआय घेणाऱ्या पुरुषांत वीर्यपतनाला फार उशीर होणं किंवा न होणं, ताठरता कमी होणं. स्त्रियांत ओलावा कमी होणं, परमोच्च सुखापर्यंत न पोहोचणं. दोघांतही इच्छा मावळणं आणि जननेंद्रियांची संवेदना बोथट होणं असे प्रकार दिसतात. याचं कारण मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या सेरोटोनिनच्या वाढलेल्या कामात आहे. तुमच्या नात्यात काही बिनसलंय असा याचा अर्थ नाही, आणि जोडीदाराला हे सांगणं गरजेचं आहे. न सांगितल्यास समोरच्याला वाटतं, आपल्यात रस उरला नाही.

निव्वळ नैराश्यानेही इच्छा जाते. मात्र इच्छा असूनही शेवट गाठता येत नसेल, किंवा त्या भागाला बधिरपणा आला असेल, तर संशय औषधावर जास्त जातो.

काही जणांत हा त्रास काही महिन्यांत आपोआप कमी होतो, पण तसे थोडेच. एरवी डॉक्टरांपुढे चार वाटा असतात. मन स्थिर असेल तर डोस उतरवून पाहणं. हा त्रास कमी करणाऱ्या औषधावर, म्हणजे ब्युप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिनवर, हळूहळू जाणं. चालू औषधासोबत ब्युप्रोपिऑनची जोड देणं (फिट्स येत असतील तर ते चालत नाही). किंवा सिल्डेनाफिल वापरणं. जिभेखाली ठेवायची छातीदुखीची गोळी किंवा दुसरं कोणतंही नायट्रेट घेणाऱ्याने सिल्डेनाफिल अजिबात घ्यायचं नाही. दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक कोसळतो. म्हणून ते मेडिकलमधून परस्पर आणू नये.

शनिवार-रविवार गोळी टाळण्याची युक्ती मित्रांकडून ऐकायला मिळते. फ्लुओक्सेटिन शरीरात आठवडे राहतं, त्यामुळे त्याच्या बाबतीत दोन दिवसांनी काही फरक पडत नाही. पॅरोक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिनच्या बाबतीत त्याच दोन दिवसांत चक्कर आणि चिडचिड सुरू होते. कोणत्याच औषधासाठी ही युक्ती चांगली नाही.

डॉक्टरांसमोर शब्द सुचत नसतील तर चिठ्ठीवर एकच वाक्य लिहून द्या: ‘गोळी सुरू झाल्यापासून लैंगिक संबंधात अडचण आहे, आधी नव्हती.’ पुढचं विचारण्याचं काम डॉक्टरांचं.

रडू येत नाही, आनंदही होत नाही. मी बरा झालोय की बधिर?

लेकीच्या लग्नात सगळे हसताहेत आणि आपण फक्त जेवणाची व्यवस्था पाहतोय; जवळचं माणूस गेलं तरी डोळ्यांत पाणी नाही. भावनांचा हा सपाटपणा दीर्घकाळ एसएसआरआय किंवा एसएनआरआय घेणाऱ्या खूप जणांना जाणवतो, आणि तो बहुधा डोसशी जोडलेला असतो. सुरुवातीला तो सुखावतोही, कारण वेदना थांबलेली असते. पुढे कामातली ओढ आणि मुलांशी खेळण्याची इच्छाही जाते, तेव्हा तो खटकतो.

अर्धवट बऱ्या झालेल्या नैराश्यातही असंच वाटतं, म्हणून फरक पाहावा लागतो. झोप, भूक, एकाग्रता नीट आहेत, निराश विचार नाहीत, आणि तरी चांगल्या-वाईट दोन्ही भावना पुसट आहेत, तर डोस कमी करण्याचा किंवा औषध बदलण्याचा विषय काढा. ‘आता बरा आहेस ना, मग चालू ठेव’ एवढ्यावर समाधान मानू नका. जगण्यातला रस परत येणं हा उपचाराचाच भाग आहे.

वजन वाढतच चाललंय. काय करू?

मिर्टाझापिन, पॅरोक्सेटिन आणि अमिट्रिप्टिलिन वजन वाढवण्यात पुढे आहेत. ब्युप्रोपिऑनने ते सहसा वाढत नाही. बाकीच्यांत वाढ हळूहळू, महिन्यांच्या हिशेबात होते आणि माणसामाणसांत फार फरक असतो. मिर्टाझापिनने रात्री गोड आणि पिष्टमय खाण्याची जोरदार ओढ लागते. ही इच्छाशक्तीची उणीव नाही. औषध शरीरातल्या हिस्टामिन या रसायनाचं काम अडवतं, त्याने भूक वाढते.

महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी काही खाण्याआधी वजन करा आणि कमरेचा घेरही मोजा. सुरुवातीच्या वजनाच्या ५ टक्के वाढ, म्हणजे ६० किलोच्या माणसात ३ किलो, झाली की पुढच्या भेटीत सांगा. १५ किलो वाढल्यावर औषध बदलून ते सहजी उतरत नाही. रात्रीची गोळी घेतल्यानंतर भूक लागत असेल तर जेवण आणि गोळी यांतलं अंतर कमी करून, गोळी घेऊन लगेच झोपणं काहींना उपयोगी पडतं.

पंखा फुल असूनही घामाने भिजतो.

एसएसआरआय आणि विशेषतः व्हेनलाफॅक्सिनने डोकं, मान आणि पाठीला घाम सुटतो, रात्री उशी ओली होते. रात्रीच्या घामासाठी गोळी सकाळी घेऊन पाहता येते. डोस थोडा उतरवल्याने बऱ्याचदा फरक पडतो, आणि नाहीच पडला तर घाम कमी करणारं दुसरं औषध जोडता येतं. ताप, वजन घटणं किंवा धडधड सोबत असेल तर मात्र क्षयरोग आणि थायरॉइड आधी तपासायला हवेत.

अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधं याच्या उलट वागतात. ती घाम रोखतात, म्हणून शरीर थंड होऊ शकत नाही. विदर्भात, मराठवाड्यात एप्रिल-मेच्या दुपारी शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्याने ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

तोंड कोरडं पडतं, शौचाला होत नाही.

हाही जुन्या औषधांचा नेहमीचा त्रास. लाळ कमी झाली की दात भराभर किडतात. दिवसभर गोड चहाचे घोट किंवा गोळ्या-चॉकलेट चघळून तोंड ओलं ठेवू नका. साधं पाणी, साखर नसलेलं च्युइंगम, फ्लोराइडची टूथपेस्ट आणि सहा महिन्यांनी दातांची तपासणी. बद्धकोष्ठतेला इसबगोल भरपूर पाण्यासोबतच घ्या, नाहीतर ते आतच घट्ट होतं. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाला लघवी तुंबली, किंवा डोळा एकाएकी लाल होऊन दुखू लागला आणि दिव्याभोवती रंगीत वलयं दिसू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आईचं वय ७२. गोळी सुरू केल्यापासून गोंधळल्यासारखी वागते, एकदा पडलीही.

आजच सोडियमची रक्ततपासणी करा. या औषधांमुळे, विशेषतः एसएसआरआय आणि एसएनआरआयमुळे, शरीर पाणी धरून ठेवतं आणि रक्तातलं सोडियम खाली येतं. सामान्य पातळी १३५ ते १४५. ते घसरलं की मळमळ, डोकेदुखी, गुंगी, गोंधळ आणि शेवटी फिट्स येतात. घरचे म्हणतात, ‘वयामुळे विसरते.’ बहुतेक वेळा हे गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या महिन्यात घडतं, पण पुढे जुलाब-उलटी झाली किंवा लघवी वाढवणारं औषध जोडलं तरी घडू शकतं.

बीपीच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीटी’ असेल, तर तिच्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असतं. वय, बाईमाणूस, ही बीपीची गोळी आणि एसएसआरआय असं सगळं जुळून आलं की धोका सर्वांत जास्त. अशांनी गोळी सुरू करण्याआधी आणि नंतर दोन ते चार आठवड्यांनी सोडियम तपासावं. ‘आरोग्यासाठी’ दिवसाला चार-पाच लिटर पाणी पिण्याचा आग्रह त्यांना करू नये.

पडण्याचा दुसरा धोका हाडांचा. दीर्घकाळ एसएसआरआय घेणाऱ्या वृद्धांत हाड मोडण्याचं प्रमाण जास्त आढळतं. न्हाणीघरात धरायला दांडी, रात्री मंद दिवा, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची सोय करा.

या गोळ्यांसोबत कोणतं औषध चालत नाही?

मेडिकलमधून सहज मिळणाऱ्या गोळ्यांमुळेच जास्त गडबड होते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांच्यासोबत एसएसआरआय घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, कारण रक्त गोठवणाऱ्या पेशींना लागणारं सेरोटोनिन कमी पडतं. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल घ्या. हृदयासाठी ॲस्पिरिन लागतच असेल तर पोट सांभाळणारी गोळी सोबत हवी का, हे विचारा. शौच डांबरासारखी काळी झाली तर थांबू नका.

ॲसिडिटीसाठी अनेक जण पँटोप्राझोल आणि डोम्पेरिडोनची एकत्र कॅप्सूल महिनोन् महिने घेतात. डोम्पेरिडोन आणि एस्सिटालोप्राम दोन्ही हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करतात. त्यांची जोडी नको. ओमेप्राझोल तर एस्सिटालोप्रामची रक्तातली पातळीच वाढवतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०११ मध्ये ६५ वर्षांवरच्यांसाठी एस्सिटालोप्रामची कमाल मर्यादा १० मिलिग्रॅम ठरवली, ती हृदयाच्या लयीमुळेच.

ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध टाळा. सेरोटोनिन अति वाढलं की थरथर, घाम, ताप, स्नायूंचा कडकपणा, गोंधळ सुरू होतो, आणि ही तातडीची अवस्था आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमोक्सिफेन घेणाऱ्या बाईने पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन घेऊ नये, कारण टॅमोक्सिफेन शरीरात पुरतं कार्यरत होत नाही.

उपवासाला गोळी चालते का? आणि दारू?

गोळी घ्या. एकादशी असो, नवरात्र असो, ती पाण्यासोबत घेता येते. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर फराळानंतर. रोज्यात सेहरी किंवा इफ्तार यांपैकी एक वेळ ठरवून तीच पाळा. दारू झोप आणि मनःस्थिती दोन्ही बिघडवते, आणि गोळीत क्लोनाझेपाम असेल तर श्वास मंदावू शकतो. त्या बाबतीत सवलत नाही.

गरोदर राहायचं ठरवतोय. गोळी लगेच थांबवू का?

नाही. आधी भेट घ्या. एकदम बंद केल्यावर गरोदरपणात आजार उलटणं आई आणि बाळ दोघांनाही जड जातं. पॅरोक्सेटिन असेल तर सहसा आधीच बदलतात. स्तनपानात सर्ट्रालिन पसंत करतात, कारण ते दुधात फार कमी उतरतं.

या गोळ्यांची सवय लागते का?

दारू-तंबाखूसारखी तलफ येत नाही, डोस वाढवत नेण्याची ओढ लागत नाही. पण शरीर औषधाशी जुळवून घेतं आणि अचानक बंद केल्यास विरोध करतं. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आलेल्या एकत्रित विश्लेषणात गोळी बंद केलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना लक्षणं जाणवली, तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी बंद केलेल्यांतही १७ टक्क्यांना जाणवली. त्रास सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतो त्यांचा तो खरा असतो.

चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्नं, चिडचिड, रडू कोसळणं आणि डोकं किंवा डोळे हलवताना मेंदूत विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं ही ओळखीची लक्षणं. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून त्यांचा त्रास सर्वांत जास्त. फ्लुओक्सेटिनचा सर्वांत कमी. मेडिकल बंद, स्ट्रिप संपली, प्रवासात गोळी विसरली, असं होऊ नये म्हणून दहा दिवसांचा साठा हाताशी ठेवा. चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्या; दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

गोळी बंद करायची असेल तर कशी?

आधी ‘कधी’ ते पाहू. पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तर पूर्ण बरं वाटल्यावर निदान सहा ते नऊ महिने, आणि वारंवार येत असेल तर दोन वर्षं किंवा जास्त काळ औषध ठेवतात. परीक्षा, घर बदलणं, बाळंतपण, कापणीचा हंगाम असा ताणाचा काळ टाळा.

आता ‘कसं’. निम्मी, मग पाव, मग बंद अशा दोन आठवड्यांच्या जुन्या पद्धतीचा तोटा मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये स्पष्ट केला. सिटालोप्राम (एस्सिटालोप्रामच्या जवळचं, पण वेगळ्या डोसचं एसएसआरआय) २० मिलिग्रॅम घेतल्यावर मेंदूतले सेरोटोनिन वाहून नेणारे सुमारे ८० टक्के कण अडवले जातात. डोस ९ मिलिग्रॅमवर आणला तरी ७० टक्के अडलेलेच असतात. २.३ मिलिग्रॅमला ४० टक्के आणि ०.८ला २० टक्के. म्हणजे २० वरून १० वर येणं सोपं. शेवटच्या छोट्या तुकड्यावरून शून्यावर येणं ही सर्वांत मोठी उडी. लोक नेमके तिथेच घाई करतात.

एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम घेणाऱ्याचा आराखडा असा असू शकतो: ७.५ (एक ५ची गोळी आणि दुसरीची अर्धी), मग ५, मग २.५, मग १.२५ म्हणजे ५च्या गोळीचा पाव भाग. प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे. त्रास झाला तर पायरी न बदलता थांबायचं, फारच झाला तर मागच्या पायरीवर जायचं. वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्यांना पायऱ्या याहून लहान लागू शकतात, आणि वर्ष लागलं तरी त्यात काही वावगं नाही.

गोळ्या कापण्याचं छोटं यंत्र मेडिकलमध्ये मिळतं. सुरीने पाव भाग समान होत नाहीत. तुकडे कोरड्या डबीत ठेवा, कोकणातल्या पावसाळ्यात तर एकाच दिवसापुरते कापा. नावापुढे ईआर, एसआर, सीआर, एक्सएल असलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कापू किंवा कुटू नका, तिच्यातलं सगळं औषध एकदम सुटतं. ड्युलोक्सेटिनच्या कॅप्सूलमधले दाणेही चुरायचे नाहीत.

एकाआड एक दिवस गोळी घेण्याचा सल्ला अजून दिला जातो. एस्सिटालोप्रामचा अर्धा भाग साधारण ३० तासांत निघून जातो. त्यामुळे ४८ तासांच्या अंतराने पातळी वर-खाली हेलकावे खाते आणि दर दुसऱ्या दिवशी त्रास होतो. त्यापेक्षा रोज, पण कमी घ्या. आणि ‘प्लस’ गोळी असेल तर डॉक्टरांकडून दोन्ही औषधं सुटी लिहून घ्या. एका वेळी एकच उतरवायचं.

बंद करताना त्रास होतोय. आजार परत आला का?

गोळी कमी केल्यापासून काही दिवसांत सुरू झालेला, चक्कर आणि झटक्यांसारखी नवी शारीरिक लक्षणं असलेला, आणि पुन्हा मूळ डोस घेताच दोन-तीन दिवसांत निवळणारा त्रास बंद करण्याचा असतो. आजार उलटतो तो सहसा आठवड्यांनी, महिन्यांनी, आणि जुन्या ओळखीच्या रूपात. हे दोन्ही शक्य आहेत हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. इंग्लंडमधल्या एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले, औषध थांबवलेल्यांपैकी ५६ टक्के जणांना वर्षभरात नैराश्य परत आलं, चालू ठेवलेल्यांत ३९ टक्के. पुन्हा गोळी सुरू करावी लागली तर त्यात हार मानण्यासारखं काही नाही.

आत्महत्येचे विचार, एका जागी बसवत नाही अशी तगमग, किंवा झोप नसूनही अफाट उत्साह आणि पैशांची उधळपट्टी दिसली तर भेटीची तारीख येण्याची वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जीवाला धोका वाटत असेल तर माणसाला एकटं न सोडता थेट रुग्णालयात न्या.

गोळी बंद करून महिने झाले, तरी लैंगिक अडचण गेली नाही.

काही लोकांत हा त्रास औषध थांबवल्यावरही टिकतो. युरोपच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये ही सूचना औषधाच्या माहितीपत्रकात घालायला सांगितली. यावर खात्रीचा उपाय आज नाही. पण ‘हे सगळं मनाचे खेळ’ असं कोणी म्हणालं तर ते मान्य करू नका. साखर, टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, थायरॉइड तपासून बाकीची कारणं बाजूला काढा आणि इंटरनेटवरची महागडी चूर्णं घेऊ नका.

अशा दुष्परिणामाची नोंद रुग्ण स्वतः करू शकतो. भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे आणि रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. फोन करताना स्ट्रिप किंवा बिल हातात ठेवा: औषधाचं मूळ नाव, कंपनी, बॅच नंबर, डोस, सुरू आणि बंद केल्याच्या तारखा आणि सोबत चालू असलेली इतर औषधं विचारली जातात.